दोन दुकानांतल्या दोन डिस्क

भावजी, डबा आणला.

टीव्हीखालच्या फळीवर ठेवलाय, तुम्ही सांगितलं होतं तिथंच. भिंतीपासून वीतभर पुढं ओढलाय, म्हणजे मागून वारा खेळेल. हिरवा दिवा लुकलुकतो. पंख्याचा बारीक आवाज येतो. फ्रीज बंद झाला की तेवढाच ऐकू येतो. दोन खणांचाच घेतला. तुमचं म्हणणं मला पटलं असा अर्थ काढू नका. ते माझ्याकडून कसं कबूल करून घेतलंत ते पुढं सांगते, कारण त्या वेळी तुम्ही तिथं होतात की नव्हतात हे मला अजून कळलेलं नाही.

तुमचं तेरावं झालं. वराळ्याला तुमच्या दारातला मांडव सुटला. मांडववाला एक खुर्ची कमी भरली म्हणून तुमच्या बायकोच्या, सुमनच्या तोंडाकडं बघत उभा राहिला, तेव्हा मी त्याला विचारलं, उतरवताना मोजून दिल्या होत्यास का? तो टेम्पोत जाऊन बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आजच्या दिवस तरी." आजच्या दिवस म्हणजे काय ते मला समजलं नाही. त्या दिवशी खुर्च्या मोजायच्या नसतात का? सगळ्यांना वाटलं होतं मी रडेन. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. अंगावर ओली चादर पडल्यासारखं झालंय, जड आणि गार, आणि आत काही हलत नाही.

कसे गेलात ते लिहीत नाही. तुमचे दादा गेले तसेच गेलात. तेवढंच पुरे.

आपल्या दोघांचं काम कसं चालायचं ते सुमनलासुद्धा नीट माहीत नव्हतं. कुसगावला रस्त्याच्या कडेला मी कणसं भाजायला बसले तेव्हापासून प्रत्येक खरेदीला तुम्ही माझ्याबरोबर. तुमच्या दादांचा उपयोग नव्हता. दुकानदारानं किंमत सांगितली की ते म्हणायचे, "बरोबरच सांगतोय की." म्हणून त्यांना घरी ठेवायचं आणि तुम्हाला न्यायचं. शेगडी, पत्रे, पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या काढल्या तेव्हा पहिल्या खोलीचा पलंग, मग चार खोल्यांचे चार टीव्ही. मी आत बसून भांडायचे. तुम्ही दारात, स्कूटरची चावी बोटात फिरवत, रस्त्याकडं तोंड करून, जसं काही आपली ओळखच नाही. दुकानदार अडून बसला की मी पदर खांद्यावर ओढायचे. ती खूण. मग तुम्ही वळून म्हणायचात, "वहिनी, चला. राहू दे. पुढं बघू." आणि मी लगेच उठायचे. उंबरा ओलांडायच्या आत मागून हाक यायची. दर वेळी.

तुम्हाला ते आवडायचं नाही. एकदा परत येताना म्हणालात, "वहिनी, मला पाप लागतं हो."

"निम्मं माझ्या नावावर घाला."

"निम्मं? खोटं तर सगळं मीच बोलतो."

"बोलता तुम्ही. खूण माझी असते."

त्यावर हसलात. तुमचा स्वभाव वेगळा होता. भाजीवालीनं पिशवीत टाकलेली कोथिंबीर परत काढून द्यायचात, चुकून पडली असेल म्हणून. पण माझ्यासाठी आयुष्यभर ते एक वाक्य बोललात. एका माणसानं घासाघीस होत नाही, भावजी. एकजण हवा असतो भांडायला आणि एकजण ओढून न्यायला. ओढणारा नसेल तर भांडणाऱ्याला उठता येत नाही.

डब्याचं सुरू कसं झालं ते तुमच्या लक्षात असेल, पण माझ्या बाजूनं एकदा ऐका.

तुमच्या हातात कायम कॅमेरा. आधी तो टेपचा ठोकळा, मग छोटा, मग मोबाइल. तिकोना पेठेची जत्रा, बैलगाडे, आमच्या घराचा स्लॅब पडला तो दिवस, सगळं तुमच्याकडं. कारखान्यात देखभालीचं काम करायचात, त्यामुळं यंत्राला जपायची सवय. सगळ्या डिस्क फराळाच्या स्टीलच्या डब्यात, वर बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषायच्या पुड्या. सुमन म्हणायची, चिवड्याला डबा नाही आणि ह्यांच्या डिस्कांना आहे. चेष्टा आम्ही केली, पण आमच्याकडं पावसाळ्यात पापड सकाळी तळला तर दुपारी वातड होतो, कपाटातल्या पर्सला बुरशी येते. तुमच्या डिस्कांना कधी आली नाही.

तुमचे दादा गेले. मग माझा जुना फोन खोली पुसायच्या बादलीत पडला, आणि त्यातले त्यांचे निरोप गेले. 'दूध आणतोय', 'गिऱ्हाईक आलंय, चावी कुठंय' असलेच निरोप, पण आवाज त्यांचा होता. मी तुम्हाला विचारलं, तुमच्याकडं काही आहे का. तुम्ही म्हणालात, "आहे. गावाकडचं भातलावणीचं आहे. दादा बोलतात त्यात."

"मग लावा."

"नको वहिनी. डिस्क जुनी झालीय. उगाच फिरवली की झिजते. एकदा अडकली तर तेही जाईल. आधी चांगला डबा घेऊ, त्यात उतरवू, मग निवांत टीव्हीवर बघू."

मी 'बरं' म्हटलं. आयुष्यात समोरच्यानं पहिली सांगितलेली गोष्ट मी कधी घेतली नाही, ती त्या दिवशी घेतली. माझी तुमच्यावर एवढीच तक्रार आहे, आणि ती लहान नाही.

मग तुम्ही डबा शोधायला लागलात. रविवारी यायचात, चहा घेऊन बसायचात आणि मला शिकवायचात. हा नुसता कपाटासारखा नसतो वहिनी, घरच्या वायफायला जोडायचा, मग कुठल्याही खोलीतल्या टीव्हीवर त्यातलं दिसतं. नाव काय, तर नॅस. मी म्हटलं, नासायचंच नाव ठेवायचं होतं तर घ्यायचा कशाला? तुम्ही कपाळाला हात लावलात.

मला माझा हिशोब होता. चार खोल्यांत चार टीव्ही. पावसात नेट गेलं की पाहुणे माझ्या दारात येऊन उभे राहतात, जसं काही ढग मी पाठवले. तुमची भातशेती, बैलगाडे, तिकोन्याचं धुकं त्यांना दाखवता आलं असतं. दारावरच्या कॅमेऱ्याचंही त्यात साठवता आलं असतं. एका खणाचा डबा त्याला पुष्कळ झाला.

"एक खण नको," तुम्ही म्हणालात. "दोन. दोन्हीत तेच साठवायचं. एक बिघडली तर दुसरी चालू राहते."

"तेच? मग जागा किती वाढली?"

"वाढली नाही."

"दोन डिस्कांचे पैसे आणि जागा एकीची. भावजी, ह्याला आमच्यात फसवणूक म्हणतात."

"ह्याला आमच्यात झोप लागणं म्हणतात."

एवढ्यावर थांबला असतात तर मी मानलं असतं. पण पुढं तुम्ही म्हणालात, दोन्ही डिस्क एका दुकानातून घ्यायच्या नाहीत. एक तळेगावातून, एक दुसरीकडून. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. जोडीनं घेतलं तर भाव पाडता येतो. ही माझी सगळी विद्या आहे. कणसं सुट्टी घ्यायचे नाही, पोतं घ्यायचे. पलंग दोन घेतले, गाद्या फुकट आणल्या. आणि तुम्ही मला सांगता, एक इकडून घ्या, एक तिकडून, आणि दोन्हीकडं एकट्या गिऱ्हाइकासारख्या उभ्या राहा!

तुम्ही शांतपणे म्हणालात, "एका लॉटच्या डिस्क एकाच सुमाराला जातात, वहिनी. एकाच वेळी घडलेल्या, एकच ऊन-पाणी खाल्लेल्या. पहिली गेली की सगळा भार दुसरीवर येतो. ती आतून तेवढीच थकलेली असते. मग तीही टिकत नाही."

मी म्हटलं, "असं काही नसतं. दुकानदारांनी उठवलंय." तुम्ही कपातला उरलेला चहा बघत बसलात. मग म्हणालात, "बरं, पुढच्या रविवारी बोलू."

असे किती रविवार झाले. मी एका दुकानावर अडले, तुम्ही दोनांवर. उशीर तुमच्यामुळं झाला, हे मी आजही म्हणते. तुम्ही एकदा माझं ऐकलं असतंत तर डबा गेल्या दिवाळीत आला असता, आणि तुम्ही इथं बसून बघितला असता.

आता दहाव्याचं सांगते.

तुमचा दहावा आपल्या गावी, पवनेच्या पाण्याकाठी केला. प्रवचन लांबलं. मग गावोगावचे पुढारी माइकवर आले, आणि ज्यांनी तुम्हाला कधी बघितलंही नसेल त्यांनी तुमची पोकळी भरून न निघणारी असल्याचं सांगितलं. मी पायरीवर बसून पाण्याकडं बघत होते. कान चालू होते, बाकी काही नाही.

पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. चुलत्यांनी सांगितलं, घराकडं लक्ष ठेवू. तो हलला नाही. सुमन हात जोडून म्हणाली, मी वेळेवर जेवीन, माझी काळजी करू नका. तो मान तिरकी करून बघत राहिला. ऊन वर आलं. लोक घड्याळं बघायला लागले.

तुम्हाला पोहायला शिकवणारे महादूआबा काठी टेकत माझ्याकडं आले. "थोरल्या वहिनी, तुमी बोला. त्याचं तुमच्यापाशी काय तरी आडकलंय."

"माझ्यापाशी नाही आबा, त्यांच्यापाशी माझं अडकलंय."

"आसंल. पन आत्ता उपाशी त्यो हाय. बोला."

मी उठले. पाण्याकडं तोंड करून म्हटलं, "भावजी, डबा घेते."

कावळा हलला नाही.

"दोन खणांचा घेते."

तो बाभळीवरून खालच्या दगडावर उतरला. 

"दोन डिस्क घेते. चांगल्या. नव्या."

तो दोन उड्या मारून पुढं आला. आबांनी हळूच विचारलं, "काय घेता म्हनं?"

"डिस्क, आबा."

"ती काय आसती?"

"त्यांना माहितीये."

मला वाटलं, झालं आता, सौदा पटला. म्हणून सवयीनं म्हणाले, "दोन्ही तळेगावातनंच घेते. जोडीत स्वस्त पडतील."

भावजी, तो मागं फिरला. सगळ्यांनी बघितलं. पाठ करून दगडावर जाऊन बसला आणि रस्त्याकडं तोंड केलं. चावीच काय ती बोटात नव्हती.

मला असा संताप आला! उभ्या आयुष्यात कुणाकडून एक पैसा कमी करून घेतला नाहीत, आणि घासाघीस केलीत ती माझ्याशी, तीही मेल्यावर, सगळ्या गावासमोर. मी ओरडले, "बरं! दोन दुकानांतनं घेते! झालं समाधान?"

तो वळला, आला, आणि शिवला.

लोकांनी हात जोडले. आबा म्हणाले, "लय हट्टी व्हता." सुमन हुंदके देत होती. मी पदर नीट केला आणि पायऱ्या चढून गाडीत जाऊन बसले. कावळा हा कावळाच असतो, भुकेला की येतो, हे मला कळतं. पण शब्द देऊन बसले, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही. घेतलेल्या मालाचा असो की देवाघरच्या माणसाचा.

तेरावं झाल्यावर मी एकटीच तळेगावात गेले. तुम्ही शेवटी ज्या दुकानात चौकशी केली होती तेच. दुकानदारानं मला ओळखलं नाही, पण तुमचं वर्णन सांगितल्यावर म्हणाला, "ते होय, प्रत्येक डब्याचा पंखा कानाला लावून ऐकणारे?" तेच. त्यानं दोन खणांचे तीन डबे पुढं मांडले. तुम्ही शिकवलेलं सगळं विचारलं. जुन्या टीव्हीला व्हिडिओ कळला नाही तर हा डबा तो त्याला कळेल असा करून देतो का? वायर लावायची सोय कशी? लाईट पटकन गेली तर आतलं शाबूत राहतं का? तो म्हणाला, आमच्या भागात जाते तशी जात असेल तर छोटा यूपीएस लावाच. मी म्हटलं, तेही मला माहीत आहे.

मग त्यानं आपणहून म्हटलं, "ताई, डिस्क दोन घ्या. जोडीवर कमी करतो."

वर्षभर मी तुम्हाला जे सांगत होते, ते त्यानं न मागता समोर ठेवलं. आणि मला म्हणावं लागलं, "एकच द्या."

"एकच? अहो, दोन खणांच्या डब्याला..."

"दुसरी दुसरीकडून घेणार आहे."

"का? माझ्याकडची खराब आहे?"

"नाही. माझ्या दिराची अट आहे."

तरी भाव केला. डब्याचा केला, डिस्कचा केला, यूपीएसचा केला. तो एका आकड्यावर अडला. मी पदर खांद्यावर ओढला.

आणि बसून राहिले.

दारात ऊन पडलं होतं. बाहेर कुणाची तरी स्कूटर उभी होती. दुकानदारही माझ्या नजरेच्या दिशेनं दाराकडं बघायला लागला, कुणी येतंय का म्हणून. मला उठता येईना. उठायचं कारण कुणी देत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "ताई, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" आणि मी न मागताच त्यानं आकडा खाली आणला. दयेनं मिळालेली सूट मी कधी घेतली नव्हती, भावजी. तीही तुमच्या खात्यावर.

निघताना तुमचा स्टीलचा डबा पिशवीतून काढला. सुमननं दिला होता. वरचीच डिस्क, त्यावर तुमच्या अक्षरात 'गाव, लावणी, दादा'. मी विचारलं, ही झिजली असेल, उतरवताना जाणार तर नाही? त्यानं ती संगणकाला जोडली, तपासली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे हो. कुणी फार जपलीय. हवं तर आत्ता लावून दाखवतो."

"फिरवली तर झिजत नाही?"

"एकदा-दोनदा बघण्यानं? छे. डिस्क आहे ती, उदबत्ती नाही."

"नको लावू," मी म्हटलं, आणि ती परत घेतली.

म्हणजे खोटं बोललात. दुकानदारासमोर माझ्यासाठी बोलायचात, ते मला चालायचं. हे माझ्याशी बोललात. इतके दिवस तुमच्या दादांचा आवाज माझ्यापासून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर, फराळाच्या डब्यात, पुड्यांखाली होता आणि मी इथं वाट बघत होते.

तिथून थेट वराळ्याला गेले. सुमन गॅलरीत तुमचे शर्ट घड्या करत होती. मी चप्पलही काढली नव्हती. "सुमन, ते ही डिस्क लावून बघायचे ना? एकटेच ऐकायचे ना?"

ती म्हणाली, "नाही ताई. कधीच नाही. रविवारी तुमच्याकडून आले की डबा उघडायचे, पुड्या बदलायचे, डिस्क पुसायचे आणि परत ठेवायचे. मी एकदा म्हटलं, लावा की. तर म्हणाले, वहिनींच्या आधी कसं ऐकू?"

"मग माझ्यासमोर लावायचं."

"तेही विचारलं. म्हणाले, वहिनींसमोर मला जमायचं नाही."

मी खाली बसले. सुमननं चहा टाकला. तिनं एक शर्ट घडी करायचा शिल्लक ठेवला होता, तो मी केला.

आता मला तुमचं कारण कळलं. कळलं म्हणजे पटलं नाही. तुम्हाला जमत नव्हतं तर डिस्क माझ्या हातात द्यायची होती. तुम्ही बाहेर थांबला असतात, दारात, रस्त्याकडं तोंड करून, नेहमीसारखे. मी आत एकटी ऐकलं असतं. आपल्याला ते काम येत होतं की. तुमच्या दादांच्या वेळीही तुम्ही माझ्यासमोर रडला नाहीत, मी तुमच्यासमोर रडले नाही. खोल्यांची गळती, तुमची कारखान्यातली पाळी, बँकेचं काम, सगळं बोललो. त्यांच्यावर एक अक्षर नाही. आपण दोघं एकमेकांना जपत होतो असं लोक म्हणतील. मला तर वाटतं, आपण दोघंही किंमत सांगायची वाट बघत बसलो होतो. पहिला आकडा कुणी सांगायचा?

दुसऱ्या डिस्कला सुमनला बरोबर घेतलं. लोणावळ्याच्या बाजारात, स्टेशनकडं जाताना लागतं ते संगणकाचं दुकान. ती कधी अशा खरेदीला आलेली नाही. मी सांगितलं, तू फक्त दारात उभी राहा. ती उभी राहिली, पर्स दोन्ही हातांत घट्ट धरून, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी. दुकानदारानं डिस्कचं खोकं काउंटरवर ठेवलं. मी सवयीनं पदर सारखा केला. खूण नव्हती ती, घाम आला होता म्हणून. तेवढ्यात मागून जोरात आवाज आला, "ताई, चला! राहू दे! पुढं बघू!"

दुकानदार दचकला. "अहो बाई, मी अजून किंमतच सांगितली नाही."

सुमननं तोंडावर हात ठेवला. आधी हसली, मग तिथंच, काउंटरला धरून रडायला लागली. तुम्ही तिला घरी सांगत असणार सगळं. शब्दसुद्धा तेच, ओढणंसुद्धा तेच, फक्त वेळ चुकली. तिला कुणीतरी स्टूल दिलं. ती रडत होती आणि मी भाव करत होते. चांगला पडला. तुम्ही असतात तर थोडा अजून पडला असता.

दुकानातला माणूस घरी येऊन सगळं जोडून गेला. दोन्ही खणांत दोन दुकानांतल्या डिस्क. एकीचं दुसरीत उतरायला बराच वेळ लागला, दिवा पिवळा होता तोवर हात लावायचा नाही म्हणाला. त्यानंही तुमच्यासारखंच बजावलं: दोन डिस्क म्हणजे जपणूक पुरी झाली असं नाही, चुकून पुसलं तर दोन्हीतून पुसलं जातं, म्हणून एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. ती सुमनकडं, स्टीलच्या डब्यात, पुड्यांसकट. पुड्या आता ती बदलते.

काल दुपारी खोल्या रिकाम्या होत्या. सुमनला बोलावून घेतलं. दोघी सोफ्यावर बसलो. रिमोट माझ्याकडं.

चिखल दिसला. आपलं खालचं खाचर. बायका वाकलेल्या. मी त्यात आहे, बारीक, ओळखू न येणारी. मग तुमचे दादा बांधावर आले, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि कॅमेऱ्याकडं बघून ओरडले, "आगं, च्या आन की! आन ह्याला दिऊ नगं. सकाळपास्नं एक काडी लावली न्हाई ह्यानं!"

बारीक मी मान वर करून म्हणते, "भावजी, ठिवा की ती पेटी आन उतरा खाली!"

मग कॅमेरा हलायला लागला. तुम्ही हसत होतात. तुम्ही कुठं दिसत नाही, नुसतं हसणं आहे आणि हलणारं आभाळ, आणि त्यावर दादांचं, "हसतोय बग कसा!" तिथं ते संपलं. एवढंच आहे. एवढ्यासाठी मला थांबवलंत.

सुमन रडली. मला नाही आलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. एकाच वेळी घडलेल्या, एकच ऊन-पाणी खाल्लेल्या. पहिली गेली की सगळा भार दुसरीवर. त्या रविवारी तुम्ही डिस्कबद्दलच बोलत होतात ना, भावजी? मी म्हटलं होतं, असं काही नसतं. तुम्ही चहाकडं बघत बसलात. दोन घरं, दोन्हीकडची छपरं, माझे टीव्ही, माझी भांडणं, सगळं तुमच्यावर आलं होतं, आणि तुम्ही आतून किती थकलात ते मला एकदाही सांगितलं नाहीत. तिथंही खोटंच बोललात. बरं आहे म्हणालात.

हे भांडण मिटलेलं नाही. मिटवायला दोघं लागतात.

सुमन जुन्नरकडची, मी कामशेतची. आमचं ऊन वेगळं, पाणी वेगळं. दोघींजवळ आता तेच साठलेलं आहे, तेवढंच, तसंच. अट तुमची होती, पाळली.

सुमननं डोळे पुसले आणि रिमोटकडं बघितलं. "ताई, परत लावू?"

मी म्हटलं, "लाव. डिस्क झिजत नाही."